लेखकाचा उपदेश आणि कथेचे शिल्प : चेकॉव्हच्या पत्रांचा एक अभ्यास

१. विषयप्रवेश

कथालेखनाची कला शिकविता येते किंवा नाही, हा वाद जुना आहे. प्रतिभा उपजतच असावी लागते, असे मानणाऱ्यांचा एक पक्ष. आणि उपजत प्रतिभेलाही साधनेची जोड लागते, असे मानणाऱ्यांचा दुसरा. मराठीत ना. सी. फडके यांनी १९३१ साली लेखनतंत्रावरील आपल्या ग्रंथाला 'प्रतिभासाधन' असे नाव दिले, तेव्हा त्या नावातच या दोन पक्षांची गाठ पडली होती. प्रस्तुत लेखात हा वाद पुन्हा उकरून काढण्याचा हेतू नाही. त्याच्या पोटात असलेला एक अधिक मर्यादित प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे : एखाद्या थोर कथाकाराने इतर लेखकांना जो उपदेश केला, त्यातून कथेचे शिल्प कितपत शिकता येते, आणि तो उपदेश वाचावा कसा?

हा प्रश्न वाटतो तितका निरुपद्रवी नाही. थोर लेखकाचे वचन त्याच्या संदर्भापासून सुटे झाले की त्याचे सूत्र बनते. सूत्र रूढ झाले की त्याचा नियम होतो. आणि पुढे त्याच नियमाच्या फूटपट्टीने इतरांच्या कथा मोजल्या जाऊ लागतात. होतकरू लेखक त्या नियमाच्या धाकाने लिहितो आणि विद्यार्थी त्याच्या आधाराने गुणदोषांची यादी करतो. मूळ लेखकाला हे अभिप्रेत होते काय, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही.

या चौकशीसाठी अंतोन चेकॉव्ह (१८६०–१९०४) याच्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. लघुकथेच्या संदर्भात त्याच्याइतकी उद्धृते क्वचितच कोणाची दिली गेली असतील; आणि तरीही त्याने कथातंत्रावर एकही ग्रंथ लिहिलेला नाही. त्याचा सगळा उपदेश विखुरलेला आहे तो त्याच्या खाजगी पत्रांतून.

२. पत्रांतील उपदेशाचे स्वरूप

चेकॉव्हची पत्रे इंग्रजीतून वाचणाऱ्या जगाला विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत उपलब्ध झाली. कॉन्स्टन्स गार्नेट हिने केलेला पत्रांचा अनुवाद १९२० साली, तर लुई फ्रीडलंड याने केवळ वाङ्मयविषयक उतारे वेचून सिद्ध केलेला संग्रह १९२४ साली प्रसिद्ध झाला. अशा वेचक संग्रहांनी अभ्यासकांची सोय झाली, यात शंका नाही. परंतु वेचा घेताना पत्राचा मायना, प्रसंग आणि पुष्कळदा पत्र ज्याला लिहिले त्याची कथाही मागेच राहते. वाचकासमोर येते ते जणू एखाद्या शास्त्रग्रंथातील कलम. काही उदाहरणे पाहिली म्हणजे हा फरक ध्यानात येईल. (पुढील पत्रांच्या तारखा त्या काळच्या रशियन पंचांगाप्रमाणे आहेत.)

चेकॉव्हच्या कथातत्त्वांची म्हणून जी सहा कलमे नेहमी सांगितली जातात, ती त्याने १० मे १८८६ रोजी आपला थोरला भाऊ अलेक्सांद्र याला लिहिलेल्या पत्रात आहेत : राजकीय, सामाजिक वा आर्थिक स्वरूपाचे लांबलचक प्रवचन नसावे, वस्तुनिष्ठता अखंड असावी, माणसांचे व वस्तूंचे चित्रण सत्य असावे, कमालीचा संक्षेप असावा, धीटपणा व नावीन्य असावे, आणि अखेरीस जिव्हाळा असावा. मात्र मूळ पत्रात ही कलमे कथावाङ्मयाची सार्वत्रिक लक्षणे म्हणून येत नाहीत. अलेक्सांद्रने एक विशिष्ट कथा लिहावयास घेतली होती. भविष्यातील नगर हा तिचा विषय होता. ती कलाकृती व्हावयाची असेल तर कोणत्या अटी पाळाव्या लागतील, हे चेकॉव्ह सांगत होता. भविष्यातील नगराविषयी लिहू पाहणारा माणूस सामाजिक प्रवचनाकडे घसरण्याचा धोका उघड आहे. पहिल्या कलमाला पहिले स्थान मिळाले, त्याचे कारण बहुधा तेथेच आहे.

भिंतीवरच्या बंदुकीची गोष्टही अशीच. रंगभूमीवर भरलेली बंदूक ठेवली तर ती पुढे उडालीच पाहिजे, या आशयाचा नियम चेकॉव्हच्या नावावर सर्वत्र रूढ आहे. १ नोव्हेंबर १८८९ रोजी लाझारेव्ह-ग्रुझिन्स्की या तरुण लेखकाला लिहिलेल्या पत्रात तो आढळतो, पण तेथे विषय आहे त्या लेखकाच्या एका लहानशा नाटकातील अनावश्यक स्वगताचा. बंदूक हा केवळ दृष्टान्त. सांगावयाचे आहे ते इतकेच, की लेखकाने जे पुरे करावयाचे नाही त्याचे अभिवचन प्रेक्षकाला देऊ नये.

तिसरा प्रकार आठवणींचा. कथा लिहून झाल्यावर तिचा आरंभ आणि शेवट खोडून टाकावा, कारण कथाकार तेथेच सर्वांत अधिक खोटे बोलतो, असे चेकॉव्ह म्हणत असे, अशी आठवण इव्हान बूनिन याने नोंदविली आहे. हे वचन मार्मिक आहे. परंतु पत्रातील वाक्य आणि दुसऱ्याने नंतर लिहून ठेवलेले बोलणे यांचे प्रामाण्य सारखे मानता येत नाही.

सारांश, प्रत्येक वचनाबाबत चार गोष्टी पाहावयास हव्यात : ते कोणाला सांगितले, केव्हा सांगितले, कोणत्या लेखनासंबंधी सांगितले, आणि त्या सुमारास सांगणारा स्वतः काय लिहीत होता. यांपैकी चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

३. उपदेशकाची उमेदवारी

चेकॉव्हने लेखनाला आरंभ केला तो वैद्यकाचा विद्यार्थी असताना, घर चालविण्यासाठी. १८८२ पासून तो निकोलाय लेयकिन याच्या 'ओस्कोल्की' या पीटर्सबर्ग येथील विनोदी साप्ताहिकात लिहू लागला. तेथे मजकुराची मर्यादा सुमारे शंभर ओळींची असे. या मर्यादेचा त्याला जाच होत असे, पण तिनेच त्याची पहिली शाळा चालविली. शंभर ओळींत माणूस उभा करावयाचा तर त्याचा पूर्वेतिहास सांगत बसता येत नाही. एका लकबीवर, एका शब्दावर भागवावे लागते. ज्या संक्षेपाला पुढे त्याने कलेचे मूल्य मानले, तो आरंभी संपादकाने घातलेली अट होती. या अटीचे रूपांतर स्वतःच्या निवडीत कसे झाले, ही त्याच्या विकासाची कथा आहे.

तिला कलाटणी मिळाली १८८६ च्या मार्चमध्ये. दिमित्री ग्रिगोरोविच या ज्येष्ठ कादंबरीकाराने त्याला आपणहून पत्र लिहिले, त्याच्या गुणांची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि घाईने लिहिणे सोडून गुणांची कदर करण्याचा उपदेश केला. २८ मार्च रोजी चेकॉव्हने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. एकाही कथेवर आपण एका दिवसाहून अधिक काळ काम केल्याचे आठवत नाही, अशी कबुली त्यात आहे.

या उत्तरानंतर सुमारे दीड महिन्याने, १० मे रोजी, भावाला लिहिलेले ते सहा कलमांचे पत्र येते. हा क्रम लक्षात घेतला की पत्राचा सूर निराळा ऐकू येतो. नुकताच एका वडीलधाऱ्याकडून उपदेश मिळालेला सव्वीस वर्षांचा तरुण तो उपदेश पचवीत आहे, आणि पचविता पचविता भावाच्या निमित्ताने स्वतःलाच बजावीत आहे. त्याच पत्रात निसर्गवर्णनाविषयी तो जे सांगतो त्याचेही असेच आहे. मावळत्या सूर्याच्या आणि काळवंडत्या समुद्राच्या ठरीव वर्णनांना फाटा द्यावा. बारीकसारीक तपशील असे जुळवावेत की वाचकाने डोळे मिटताच चित्र उभे राहील. बांधावर फुटक्या बाटलीची काच चमकली आणि एखाद्या जनावराची काळी सावली सरकून गेली, एवढ्याने चांदणी रात्र सिद्ध होते, असे तो भावाला समजावतो. ही काच त्याच्या स्वतःच्या त्याच वर्षीच्या एका कथेत आहे, आणि दहा वर्षांनी 'सीगल' (१८९६) या नाटकात एक निराश तरुण लेखक दुसऱ्या यशस्वी लेखकाच्या हातोटीचा दाखला म्हणून तिचाच उल्लेख करतो. तेथे तिला किंचित उपहासाची छटा आहे. भावाला सांगितलेली युक्ती दहा वर्षांत वापरून वापरून सवय होऊ शकते, याचे भान चेकॉव्हला आले होते, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

४. विशेषण आणि क्रियापद

भाषेच्या अभ्यासकाला विशेष रस वाटावा असा उपदेश गॉर्कीला लिहिलेल्या पत्रांत आहे. गॉर्की चेकॉव्हहून आठ वर्षांनी लहान. त्याच्या लेखणीला आवर नव्हता. ३ सप्टेंबर १८९९ च्या पत्रात चेकॉव्ह त्याला नामांची आणि क्रियापदांची विशेषणे शक्य तितकी खोडावयास सांगतो. दाखल्यासाठी तो एक साधे वाक्य घेतो : माणूस गवतावर बसला. मग त्या माणसाला उंची, छाती, दाढी यांची आणि गवताला रंगाची व तुडवले गेल्याची विशेषणे जोडून, बसण्यालाही तीन-चार क्रियाविशेषणे लावून तो दाखवून देतो की असे वाक्य वाचकाच्या मेंदूत एकदम शिरत नाही. आणि कथावाङ्मय तर क्षणात, एकदम शिरावयास हवे.

हा उपदेश बहुधा 'विशेषणे टाळा' असा संक्षिप्त करून सांगितला जातो. पण त्यामागचा युक्तिवाद पाहिला तर तो अलंकाराविषयीचा नसून अवधानाविषयीचा आहे. वाचकाची अवधानशक्ती मर्यादित आहे. प्रत्येक विशेषण तिचा एक अंश खर्च करते. हा खर्च भाषेभाषेत सारखा नसतो, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे. रशियन भाषेत क्रियापद वाक्यात पुष्कळच मोकळेपणाने फिरते. विस्तृत विशेषणवाक्ये नामाच्या मागूनही येऊ शकतात. मराठीत क्रियापद सामान्यतः अखेरीस येते आणि विशेषणे, धातुसाधिते ही सर्व नामाच्या आधी येऊन उभी राहतात. पुढील वाक्य पाहा :

'गावाबाहेरच्या पडक्या, शेवाळलेल्या पारावर दिवसभर उन्हातान्हात वणवण करून थकलेला, सुरकुतलेल्या चेहऱ्याचा, विटक्या पागोट्याचा एक म्हातारा दबकत, इकडेतिकडे पाहत हळूच टेकला.'

येथे म्हातारा दिसण्यापूर्वी वाचकाला त्याचा थकवा, सुरकुत्या आणि पागोटे अधांतरी धरून ठेवावे लागते. आणि तो म्हातारा काय करतो हे कळण्यापूर्वी आणखी तीन पदे ओलांडावी लागतात. म्हणजे ज्या दोषाबद्दल चेकॉव्ह गॉर्कीला सावध करीत होता, तो मराठी वाक्यरचनेत अधिकच जड होतो. याउलट 'म्हातारा पारावर टेकला' एवढेच लिहिले तर?

येथे एक महत्त्वाची गोष्ट घडते. वर्णन नाहीसे होत नाही. ते विशेषणांतून क्रियापदात उतरते. 'टेकला' या एका क्रियापदात थकवा आहे, बसण्याचे तात्पुरतेपण आहे, आणि जागा आपली नसल्याचा संकोचही आहे. 'बसला', 'बसून राहिला', 'बसकण मारली', 'फतकल मारली', 'उकिडवा बसला' या प्रत्येक प्रयोगात निराळा माणूस दिसतो. रशियन भाषेत हेच कार्य क्रियापदाचे उपसर्ग आणि त्याची पूर्ण-अपूर्णता ही रूपे करतात. 'सिदेल' म्हणजे बसला होता, 'सेल' म्हणजे बसला, आणि 'प्रिसेल' म्हणजे जवळजवळ आपले 'टेकला'. चेकॉव्हच्या गद्याची काटकसर या व्याकरणिक सामग्रीवर उभी आहे. ती सामग्री त्याच्या उपदेशात सांगितलेली नाही, कारण रशियन लेखकाला ती सांगण्याची गरज नव्हती. परभाषेतील वाचकाने मात्र ती शोधून काढली पाहिजे. नाही तर विशेषणे खोडून उरलेले वाक्य संक्षिप्त न होता केवळ दरिद्री होते.

याच वर्षाच्या आरंभी, ३ जानेवारी १८९९ च्या पत्रात, त्याने गॉर्कीला निसर्गाला माणसाचे रूप देण्याच्या सवयीबद्दलही टोकले होते. समुद्र श्वास घेतो, आकाश पाहते, अशा प्रयोगांनी वर्णन एकसुरी होते. सूर्य मावळला, अंधार पडला, पाऊस आला, अशा साध्या वाक्यांतच खरी रेखीवता असते, असे त्याचे म्हणणे. तेथेच त्याने डौलाची एक व्याख्या केली आहे : एखादी कृती माणूस कमीत कमी हालचालींत उरकतो तेव्हा जी जाणवते, तो डौल. ही व्याख्या वैद्याला शोभेल अशीच आहे.

५. अलिप्तता आणि जिव्हाळा

वरील सहा कलमांत दुसरे आणि सहावे यांचा मेळ कसा घालावयाचा, ही खरी अडचण आहे. वस्तुनिष्ठता अखंड हवी आणि जिव्हाळाही हवा! सहाव्या कलमातील मूळ रशियन शब्द हृदयवाचक शब्दापासून साधलेला आहे. इंग्रजीत तो पुष्कळदा करुणा या अर्थाच्या शब्दाने येतो. मराठीत 'सहृदयता' हा शब्द सहज सुचतो, परंतु आपल्या काव्यशास्त्रात सहृदय हा रसिकाचा वाचक शब्द असल्यामुळे तो येथे दिशाभूल करील. चेकॉव्हला अभिप्रेत आहे तो लेखकाच्या मनाचा ओलावा. 'जिव्हाळा' हा शब्द त्याच्या सर्वांत जवळ जातो.

या विरोधाचा उलगडा सहा वर्षांनी लिदिया अविलोवा हिला लिहिलेल्या पत्रांत होतो. दुःखी, अभागी माणसांचे चित्रण करून वाचकाला कळवळा यावा असे वाटत असेल, तर लेखिकेने अधिक थंड व्हावे, असे तो १९ मार्च १८९२ रोजी लिहितो. कारण त्या थंडपणामुळे त्यांच्या दुःखाला एक पार्श्वभूमी मिळते आणि तीवर ते उठून दिसते. त्यानंतर २९ एप्रिलच्या पत्रात तो अधिक स्पष्ट होतो : आपल्या पात्रांबरोबर रडावे, कण्हावे, पण वाचकाच्या ते लक्षात येऊ देऊ नये. म्हणजे अलिप्तता हा लेखकाच्या अंतःकरणाचा गुण नाही. तो कथनाचा गुण आहे. जिव्हाळा लेखकापाशी असावा, आणि वस्तुनिष्ठता पानावर असावी.

हा उपदेश त्याच्या कथांशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. 'तोस्का' ही कथा जानेवारी १८८६ मधली, म्हणजे ग्रिगोरोविचच्या पत्राच्याही आधीची. इयोना पोतापोव्ह या म्हाताऱ्या घोडागाडीवाल्याचा मुलगा वारला आहे. बर्फ पडत आहे. हे दुःख तो आधी एका लष्करी अधिकाऱ्याला, मग तीन टवाळ तरुणांना, मग एका दरवानाला, मग मुक्कामावरच्या एका जोडीदाराला सांगू पाहतो. ऐकून घेण्यास कोणालाच सवड नाही. अखेर तो ते आपल्या घोडीला सांगतो. कथेची बांधणी निर्दोष आहे. तरीही मध्यावर निवेदक न राहवून पुढे येतो आणि इयोनाचे दुःख बाहेर वाहू लागले तर सारे जग बुडून जाईल, अशा आशयाचे उद्गार काढतो. वाचकाला जे प्रसंगातून कळून चुकले आहे, तेच येथे त्याला मोठ्याने सांगितले जाते. अखंड वस्तुनिष्ठतेचे कलम भावापुढे मांडणाऱ्या चेकॉव्हने चारच महिन्यांपूर्वी ते स्वतः मोडलेले होते.

यानंतरची 'गूसेव्ह' (१८९०) पाहावी. साखालीन बेटावरील कैद्यांची वसाहत पाहून समुद्रमार्गे परत येताना चेकॉव्हने जहाजावरील मृतांना समुद्रात सोडताना पाहिले होते. या कथेत आजारी शिपाई गूसेव्ह जहाजाच्या रुग्णकक्षात मरतो. पण 'तो मेला' असे वाक्य तेथे नाही. तो दोन दिवस झोपतो, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दोन खलाशी येऊन त्याला बाहेर नेतात, एवढेच निवेदक सांगतो. शरीर कापडात शिवले जाते, पाण्यात जाते, खाली मासे येतात, वर आकाशात ढग जमतात. निवेदकाने एकही उसासा टाकलेला नाही. 'तोस्का'मध्ये दुःखाचे माप सांगणारा लेखक येथे माप घेण्याचे काम वाचकावर सोपवून बाजूला झाला आहे. अविलोवाला दिलेला सल्ला या दोन कथांमधल्या अंतरात तयार झाला, असे म्हणण्यास जागा आहे. सोव्हिएत अभ्यासक अ. प. चुदाकोव्ह यांनी 'चेकॉव्हचे काव्यशास्त्र' या १९७१ मधील ग्रंथात निवेदनाच्या विश्लेषणावरून असाच निष्कर्ष काढला आहे. १८८७ पर्यंतचे निवेदन त्यांनी आत्मनिष्ठ आणि १८८८ ते १८९४ या काळातील वस्तुनिष्ठ ठरविले.

६. पात्राचा सूर

अलिप्ततेवर नैतिक आक्षेप येणे अपरिहार्य होते. घोडेचोरांविषयीच्या एका कथेच्या निमित्ताने प्रकाशक सुवोरिन याने चेकॉव्हवर आरोप केला की ही वस्तुनिष्ठता म्हणजे सद्‌सतांविषयीची उदासीनता आहे. १ एप्रिल १८९० च्या उत्तरात चेकॉव्ह म्हणतो की घोडे चोरणे वाईट, हे आपण सांगण्यापूर्वीही सर्वांना ठाऊक आहे. सातशे ओळींत घोडेचोर उभे करावयाचे तर सतत त्यांच्याच सुरात बोलावे आणि विचार करावा लागतो. आत्मनिष्ठ घटक कथेत नसतील ते वाचक स्वतः घालील, असा भरवसा तो व्यक्त करतो. त्यापूर्वी, २७ ऑक्टोबर १८८८ रोजी, त्याने याच सुवोरिनला लिहिले होते की प्रश्न सोडविणे आणि प्रश्न नीट मांडणे या दोन भिन्न गोष्टी असून कलावंतावर बंधन आहे ते दुसऱ्या गोष्टीचे.

'पात्राच्या सुरात विचार करणे' याला आजच्या निवेदनशास्त्रात मुक्त अप्रत्यक्ष कथन असे म्हणता येईल : शब्द निवेदकाचे, पण दृष्टी आणि सूर पात्राचा. या रीतीसाठी मराठीपाशी एक अतिशय नाजूक साधन आहे. एखाद्या म्हाताऱ्याविषयी 'त्याचा मुलगा गेला, हे त्याने कोणाला सांगितले नाही' असे लिहिले तर निवेदक बाहेर उभा आहे. 'आपला मुलगा गेला, हे आता कोणाला सांगावे?' असे लिहिताच निवेदक म्हाताऱ्याच्या मनात शिरतो. 'म्हणाला', 'वाटले' यांपैकी एकही क्रियापद लागत नाही. 'आपला' हे सर्वनाम दृष्टिकोन बदलते आणि 'सांगावे' हे विध्यर्थी रूप त्या मनाची घालमेल दाखवते. चेकॉव्हच्या उपदेशाचा उपयोग मराठी लेखकाला करावयाचा असेल, तर तो अशा ठिकाणी आहे. उपदेश हेतू सांगतो. साधन आपल्या भाषेत शोधावे लागते.

तरीही आक्षेप पुरता निकालात निघत नाही. वाचक ते घटक स्वतः घालील, हा भरवसा खोटा ठरला तर? 'तोस्का'मधील प्रवासी असेच वाचक आहेत, ज्यांना इयोनाची हकीगत कानांवर येऊनही ऐकू येत नाही. कथाकार जितका कमी बोलतो तितकी वाचकावरची जबाबदारी वाढते, आणि ती न उचलणारा वाचक नेहमीच असतो. चेकॉव्हने ही जोखीम पत्करली. तिच्यापासून सुटण्याची युक्ती मात्र त्याने कोणाला सांगितलेली दिसत नाही.

७. उपदेश आणि अपवाद

चेकॉव्ह स्वतःच्या उपदेशाला कितपत बांधील राहिला? 'चेरी ऑर्चर्ड' (१९०४) या त्याच्या अखेरच्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात शार्लोटापाशी बंदूक आहे, येपिखोदोव्हजवळ पिस्तूल आहे. त्यांपैकी एकही उडत नाही. ज्यांचे कोणतेच संकल्प तडीस जात नाहीत अशा माणसांच्या नाटकात न उडालेले शस्त्र हेच अर्थपूर्ण ठरते. तसेच 'गूसेव्ह'च्या शेवटी, गॉर्कीला सावध करण्याच्या नऊ वर्षे आधी, समुद्र कपाळाला आठ्या घालतो आणि मग हर्षाचे रंग धारण करतो. निसर्गाला माणसाचे रूप दिलेले आहेच. पण ते कोठे दिले आहे, हे पाहावे : माणूस कथेतून नाहीसा झाल्यानंतर. संयमाने लिहिलेल्या सगळ्या पानांच्या मागून आलेला तो एकच अतिरेक असल्यामुळे तो परिणामकारक होतो.

१८९९ साली चेकॉव्हने आपल्या लेखनाचे हक्क अडोल्फ मार्क्स या प्रकाशकाला विकले आणि संग्रहासाठी जुन्या कथा स्वतः तपासावयास घेतल्या. पुष्कळ कथा त्याने गाळल्या, पुष्कळ कापल्या. गॉर्कीला विशेषणे खोडावयास सांगणारे पत्र याच वर्षीचे आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. स्वतःच्या तारुण्यातील कथांवर लाल पेन्सिल चालविणारा प्रौढ लेखक दुसऱ्याच्या कथांतही तेच दोष पाहत होता.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली : चेकॉव्हचा उपदेश ही नियमावली नसून त्याच्या आत्मपरीक्षणाची नोंद आहे. लेयकिनच्या शंभर ओळी, ग्रिगोरोविचचे पत्र, सुवोरिनचा आक्षेप आणि संग्रहाची तपासणी, हे त्या नोंदीतील टप्पे आहेत. म्हणून प्रत्येक पत्र त्याच्या तारखेसह आणि त्याच सुमाराच्या कथेशेजारी ठेवून वाचले पाहिजे.

दुसरी : त्यातील बहुतेक सर्व सल्ले काय गाळावे याविषयी आहेत, काय पाहावे हे फार थोड्या ठिकाणी सांगितलेले आहे. गाळणे शिकविता येते, कारण गाळावयाचा मजकूर डोळ्यांसमोर असतो. फुटक्या बाटलीची काच मात्र ज्याने स्वतः पाहिली त्यालाच सापडते, आणि ज्याने ती दुसऱ्याच्या पत्रातून उचलली त्याच्या हाती ती केवळ काचच राहते. शिल्प शिकविता येते किंवा नाही, या आरंभीच्या वादाचे उत्तर असे दोहोंमध्ये विभागलेले आहे.

तिसरी : उपदेश एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जसाच्या तसा जात नाही. विशेषण खोडण्याचा सल्ला मराठीत यशस्वी व्हावयाचा तर क्रियापदाची निवड, संयुक्त क्रियापदे, 'आपण'सारखी सर्वनामे आणि वाक्यातील पदक्रम यांचा अभ्यास त्याला जोडावा लागेल. वाङ्मयाच्या वर्गात एखादी मराठी कथा घेऊन तिच्या एका परिच्छेदातील विशेषणे क्रमाने काढीत जावीत, आणि कोणत्या टप्प्यावर चित्र अधिक स्पष्ट होते व कोणत्या टप्प्यावर ते पुसट होऊ लागते, हे विद्यार्थ्यांनी नोंदवावे. हे दोन टप्पे प्रत्येक लेखकाच्या बाबतीत निराळे येतील. ते कोठे येतात हे ठरविण्यासाठी चेकॉव्हची साक्ष काढून चालणार नाही. त्या परिच्छेदाकडेच पुन्हा जावे लागेल.